लिफ्ट किट आणि मोठे टायर : एका एसयूव्हीच्या बजेटचा पूर्ण हिशोब

गाडी लॅडर फ्रेमवरची, म्हणजे शिडीसारख्या लोखंडी सांगाड्यावर बॉडी बसवलेली. पुढे दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, मागे अखंड अ‍ॅक्सल आणि कॉइल स्प्रिंग, गरजेला फोर-व्हील-ड्राइव्ह. कंपनीने दिलेले टायर २६५/६५ आर१७ (रुंदी २६५ मिलीमीटर, भिंतीची उंची तिच्या ६५ टक्के, रिम १७ इंची). मालक माझा जुना मित्र. घरात चार माणसं, सुट्टी मिळाली की सामान भरून कच्च्या वाटेला लागायचं ही सगळ्यांचीच आवड. अशा वाटांवर गाडी खालून घासायला लागली, तेव्हा त्याने ठरवलं की आता दोन इंचांची लिफ्ट (सस्पेन्शन बदलून गाडी वर उचलणं), २८५/७० आर१७ चे टायर आणि नवे रिम. पैसे बाजूला काढून ठेवले होते, यादीही तयार होती. ऑर्डर देण्याआधी ती त्याने माझ्याकडे पाठवली, "एकदा नजर टाक" म्हणून.

किमती देशागणिक, ब्रँडगणिक बदलतात. म्हणून सगळा हिशोब एकाच मापात मांडतो: त्याला हव्या असलेल्या एका २८५/७० टायरची किंमत म्हणजे एक भाग. आकडे या एका गाडीचे आहेत. आपली कोटेशनं हातात घेऊन हेच गणित कुणालाही करता येईल.

त्याच्या यादीत चार टायर, म्हणजे ४ भाग. चार स्प्रिंग आणि चार शॉक अ‍ॅब्सॉर्बर असलेलं चांगल्या कंपनीचं किट, ४ भाग. चाकं थोडी बाहेर आणणारे चार रिम, अडीच भाग. बेरीज साडेदहा, बाजूला काढलेली रक्कम ११ भाग. उरलेल्या अर्ध्या भागात मजुरी भागेल, असा त्याचा अंदाज.

यादीत जे होतं त्यात काही चूक नव्हती. जे नव्हतं तिथे खरा खर्च होता.

पहिली राहिली होती ती स्टेपनी. २६५/६५ टायरचा व्यास ७७६ मिलीमीटर, २८५/७० चा ८३१. पंक्चर झाल्यावर तीन मोठी चाकं आणि एक लहान अशी गाडी चालवली, तर एकाच अ‍ॅक्सलवरची दोन चाकं सतत वेगळ्या गतीने फिरतात आणि डिफरन्शियलला (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरपेटी, पुढे नुसता "डिफ") थंड व्हायला उसंत मिळत नाही. त्यातच कोरड्या, टणक रस्त्यावर फोर-व्हील-ड्राइव्ह लागलेलं असेल, तर इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारी सगळी ड्राइव्हलाइन पिळवटते. म्हणजे टायर पाच हवेत, रिमही पाच, आणि एवढं मोठं चाक गाडीखालच्या स्टेपनीच्या जागेत मावतं का हेही आधी मोजायला हवं. जादा टायर आणि रिम मिळून १.६ भाग. बसवण्याची मजुरी २. दोन इंचांच्या लिफ्टनंतर पुढच्या चाकांचा कॅस्टर (वळण्याच्या अक्षाचा मागे कललेला कोन, ज्याने स्टिअरिंग सरळ राहतं) कमी होतो. तो पूर्ववत करायला आणि बॉलजॉइंटवरचा ताण कमी करायला बदली अप्पर आर्म (सस्पेन्शनचे वरचे दांडे), जोडीचे २. मागचा अ‍ॅक्सल मध्यावर आणणारा अ‍ॅडजस्टेबल पॅनहार्ड रॉड, अर्धा. दोनदा व्हील अलाइनमेंट, अर्धा. टायर घासू नये म्हणून मडगार्डच्या आतलं प्लास्टिक लायनर आणि बंपरची कड कापणं, मडफ्लॅप मागे सरकवणं, अर्धा. स्पीडोमीटरचं कॅलिब्रेशन, आणखी अर्धा.

हे ७.६ भाग झाले आणि यादी १८.१ वर गेली. भरल्या गाडीला चढावर पूर्वीसारखी ओढ हवी असेल, तर पुढच्या-मागच्या दोन्ही डिफचे क्राउन-पिनियन (आतली गिअरची जोडी) बदलायचे. सेटिंगच्या मजुरीसकट ते आणखी साडेआठ. एकूण २६.६. हातात ११.

इथे बहुतेक जण दोनपैकी एक वाट धरतात. एक तर हप्त्यांवर सगळं घ्यायचं, नाहीतर यादीतलं "नंतर बघू" म्हणण्यासारखं वगळायचं. वगळलं जातं ते नेमकं अप्पर आर्म, अलाइनमेंट, स्टेपनी, म्हणजे जे दिसत नाही ते. दुसरी वाट मला जास्त धोक्याची वाटते. म्हणून त्याला म्हटलं, यादी बाजूला ठेव आणि आधी गाडीखाली झोप.

घासल्याच्या खुणा

गाडी सपाट जागी लावून, हँडब्रेक ओढून, चाकांना अडसर लावून आम्ही टॉर्च घेऊन खाली शिरलो. ओरखडे खोटं बोलत नाहीत. ट्रान्सफर केसखालच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीखालच्या) संरक्षक पत्र्यावर लांब, ताजे चरे होते. पुढच्या बंपरची खालची कड खरवडली होती. मागच्या डिफचा गोळा मात्र नुसता मातीने माखलेला, ओला फडका फिरवला तर खाली रंग जसाच्या तसा.

सगळं बजेट यावरून ठरलं. सस्पेन्शनची लिफ्ट फ्रेम आणि बॉडी वर उचलते. मागचा अखंड अ‍ॅक्सल चाकांनाच बांधलेला असतो, त्यामुळे कितीही लिफ्ट केली तरी मागच्या डिफचं जमिनीपासूनचं अंतर मिलीमीटरभरही वाढत नाही. ते फक्त टायर वाढवतो, तेही व्यासातल्या वाढीच्या निम्म्यानेच. पुढचा डिफ या गाडीत फ्रेमला टांगलेला आहे, तो लिफ्टबरोबर वर जातो. चरे मागच्या डिफवर असते, तर पैसा टायरवर घालावा लागला असता. ते पोटावर आणि नाकावर होते, म्हणजे त्याला गरज होती ती लिफ्टची. २८५/७० ची हौस होती, आणि हौसेला माझा विरोध नाही. पण हौस आणि गरज एकाच रकान्यात लिहिली की हिशोब फसतो.

याच पाहणीत पुढचे दोन्ही शॉक अ‍ॅब्सॉर्बर तेल गाळताना दिसले. मागच्यांची बुशं (सांध्यातली रबरं) चिरलेली. म्हणजे लिफ्ट केली नसती तरी शॉकचा खर्च येणारच होता. कंपनीच्या मापाचे चार शॉक दीड भागाचे, ते मी "दुरुस्ती" म्हणून वेगळे लिहिले. किटची किंमत ४ असली, तरी उंचीसाठीचा जादा खर्च अडीचच. त्याला कुणीतरी निव्वळ स्पेसर (स्प्रिंगला उंची देणारा ठोकळा) टाकायचा सल्लाही दिला होता, अर्ध्या भागात काम. शॉक नवे असतील आणि फक्त नाक थोडं उचलायचं असेल, तर स्पेसर हा प्रामाणिक उपाय आहे. गळक्या शॉकवर ठेवला तर तीच मजुरी वर्षभरात पुन्हा भरावी लागते.

सात टक्के आणि साडेतीन टक्के

मग टायरचा प्रश्न. २८५/७० कंपनीच्या टायरपेक्षा ७ टक्के मोठा. मधलं माप २६५/७० आर१७, व्यास ८०३ मिलीमीटर, वाढ ३.४ टक्के. २८५/७० ने जमिनीपासून २७ मिलीमीटर जादा मिळतात, २६५/७० ने १३. फरक १४ मिलीमीटरचा, म्हणजे बोटाच्या रुंदीएवढा. या बोटभर उंचीमागे काय काय ओढलं जातं ते पाहण्यासारखं आहे.

गाडीचा फायनल ड्राइव्ह, म्हणजे डिफमधलं गिअरचं गुणोत्तर, ३.९. सात टक्के मोठ्या टायरने तो ३.६४ असल्यासारखा वागतो. पूर्वीची ओढ हवी तर ४.१७ च्या आसपासचा क्राउन-पिनियन हवा. २६५/७० ने तो ३.७७ होतो. चढावर थोडा जास्त अ‍ॅक्सिलरेटर लागतो, पण डिफ उघडण्याची वेळ येत नाही. एवढ्यानेच साडेआठ भाग यादीतून गेले.

स्पीडोमीटरचंही तसंच. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांपैकी ३९ व्या नियमानुसार काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू शकत नाही, जास्त दाखवलेला ठरावीक मर्यादेपर्यंत चालतो. म्हणून हा नियम पाळणाऱ्या गाड्यांचे काटे थोडे पुढेच ठेवलेले असतात. या गाडीत काटा १०० वर असताना जीपीएसवर ९६ येत होते. २६५/७० टाकल्यावर काट्याच्या १०० ला खरा वेग ९९ च्या थोडा वर, म्हणजे काटा जवळजवळ बिनचूक. २८५/७० टाकले असते तर खरा वेग १०३ च्या जवळ गेला असता, काटा नियमाच्या चुकीच्या बाजूला. कॅलिब्रेशनचा अर्धा भाग असा वाचला. मोजल्याशिवाय हे कळलं नसतं.

ओडोमीटर मात्र मागे पडतो, हे मायलेज काढताना विसरू नये. त्यावर ५०० किलोमीटर दिसले, तर २६५/७० वर गाडी ५१७ चाललेली असते. मोठे टायर टाकल्यावर मायलेज खूप पडलं अशी तक्रार ऐकू येते, तिच्यातला एक हिस्सा या न केलेल्या दुरुस्तीचा असतो. बाकीचा हिस्सा खरा आहे: वजन, हवेचा विरोध, खडबडीत नक्षी. वार्षिक इंधनखर्चात आम्ही ५ टक्के वाढ धरली आणि ती घरखर्चाच्या वहीत गेली, गाडीच्या नाही, कारण ती दर महिन्याला द्यायची आहे.

वजनाचं सांगायचं तर कंपनीचा टायर साधारण १७ किलोचा. जाड भिंतींचा, हलक्या ट्रकच्या वर्गातला २८५/७० ऑल-टेरेन (डांबरी आणि कच्च्या, दोन्ही वाटांचा) टायर २५ च्या घरात जातो. दर चाकामागे ८ किलो, तेही स्प्रिंगच्या खाली आणि फिरणारे. ब्रेकला ते थांबवावे लागतात, नव्या शॉकला ते आवरावे लागतात. साध्या वर्गातला २६५/७० ऑल-टेरेन १८-१९ किलोत मिळाला.

लिफ्टने टायरला जागा होते का?

या प्रश्नावर आमचा सर्वांत जास्त वेळ गेला. गैरसमजही इथेच सर्वांत खोल आहे. लिफ्ट केली की उभ्या गाडीत टायर आणि मडगार्डमधली पोकळी मोठी दिसते, आणि वाटतं की आता मोठा टायर सहज बसेल. पण खड्ड्यात किंवा दगडावर चाक पूर्ण वर गेलं की ते थांबतं बंपस्टॉपवर. बंपस्टॉप लिफ्टच्या आधी जिथे होता तिथेच आहे. म्हणजे पूर्ण दबलेल्या स्थितीत चाक मडगार्डमध्ये पूर्वीइतकंच आत शिरतं, आता फक्त जास्त मोठं होऊन. पार्किंगमध्ये न घासणारा टायर वाटेवर लायनर फाडतो तो यामुळे.

आम्ही पुढचं एक चाक उंच रॅम्पवर चढवलं आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, थोडं मागे घेऊनही, लायनर आणि जुन्या टायरमधलं सर्वांत कमी अंतर मोजलं. मागच्या कडेला, बॉडी माउंटजवळ (बॉडी फ्रेमला जोडणाऱ्या सांध्याजवळ), ते २० मिलीमीटर भरलं. २६५/७० ची त्रिज्या १३ ने वाढते आणि रुंदी तीच राहते, म्हणजे ७ उरतात. जागा अगदी थोडी आहे, पण आहे. २८५/७० ची त्रिज्या २७ ने वाढते आणि रुंदीही २० ने. शिवाय नवे रिम चाक बाहेर आणणार होते. बाहेर आलेलं चाक वळताना मोठ्या वर्तुळात फिरतं, त्यामुळे त्याच जागी आणखी आधी भिडतं. रिम रद्द झाले. जुने होते ते सरळ, बिनतड्याचे, १७ इंचीच होते.

रिम सोडायला तो नाखूश होता, आणि ते मला समजतं. गाडीच्या दिसण्यात निम्मं काम रिम करतात. पण त्या अडीच भागांतून त्याच्या वाटेवरचा एकही दगड चुकणार नव्हता.

एक गोष्ट तो स्वतःहून विचारत नव्हता म्हणून मीच काढली: उलटण्याची. अमेरिकेची एनएचटीएसए ही रस्तासुरक्षा संस्था यासाठी एक साधं गुणोत्तर वापरते, दोन चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. चाकांमधलं अंतर १५४० मिलीमीटर आणि गुरुत्वमध्य ७२० वर धरला, तर उत्तर १.०७. त्याच्या मूळ योजनेत गुरुत्वमध्य साधारण ७० ने चढला असता, रिमने वाढणारं चाकांमधलं अंतर न धरता उत्तर ०.९७. बदललेल्या योजनेत, म्हणजे ४० मिलीमीटर लिफ्ट आणि २६५/७० टायरने, साधारण ५० ने, उत्तर १.००. आकडा जितका लहान तितकी गाडी अचानक वळणात उलटायला सोपी. गाडीत मुलं असतात. त्यामुळे टपावरचं सामान आत आणायचं हा निर्णय बिनखर्चाचा होता आणि तो लगेच झाला.

स्प्रिंग कशाच्या वजनाची?

पुढेमागे लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारं यंत्र) लावायचा विचार होता, म्हणून त्याने पुढच्या जड स्प्रिंग निवडल्या होत्या. वजनकाट्यावर गाडी नेऊन पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगवेगळा तोलला, एकदा रिकामी, एकदा चौघं आणि सामानासह. पुढचं वजन जवळजवळ कंपनीच्या आकड्याइतकंच निघालं. बंपरसाठीची जड स्प्रिंग रिकाम्या नाकाखाली टाकली, तर ४० ऐवजी ६० मिलीमीटरच्या वर उचल मिळते, आणि मग सगळं बिघडतं. शॉक जवळजवळ पूर्ण ताणलेलाच राहतो, चाक खड्ड्यात उतरायला जागा उरत नाही, ड्राइव्ह शाफ्टचे सीव्ही जॉइंट (चाकाबरोबर वळणारे सांधे) तिरके होतात, कॅस्टर जातो आणि अप्पर आर्मचा खर्च मागच्या दाराने परत येतो. आज गाडीवर जे वजन आहे त्याची स्प्रिंग घ्यायची. पुढे साध्या, मागे सामानाच्या हिशोबाने एक पायरी जड, असं ठरलं.

उचल ४० मिलीमीटरवर थांबवली. या बांधणीच्या गाड्यांत साधारण ५० च्या पुढे गेलं की सुटे भाग एकामागून एक लागायला लागतात. खर्च हळूहळू चढत नाही, पायऱ्यांनी चढतो. दहा मिलीमीटर अलीकडे राहिलं की एक अख्खी पायरी टळते.

नवा हिशोब असा: पाच २६५/७० टायर, दर टायर ०.८ प्रमाणे ४ भाग. किट ४. मजुरी दीड, कारण काम कमी झालं. दोन अलाइनमेंट ०.४. राखीव १. एकूण १०.९. पॅनहार्ड रॉड यादीत घेतला नाही, बसवून मोजल्यावर लागलाच तर राखीवमधून घ्यायचा. नोंदणी जिथे आहे तिथे उंची आणि टायरच्या मापात किती बदल चालतो, तपासणी लागते का, हे त्याने खरेदीआधी विचारून घेतलं आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवला. न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी नडतो, आणि तेव्हाचं नुकसान कुठल्याही किटपेक्षा मोठं असतं.

बसवताना

राखीव रकमेला पहिल्याच दिवशी हात लागला. लोअर आर्मचे कॅम बोल्ट, ज्यांनी कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर जुळवतात, ते बुशच्या नळीत गंजून एकजीव झाले होते. भेदक तेल, उष्णता, दोन्ही करून पाहिलं. एका बाजूचे सुटले, दुसऱ्या बाजूचे कापावे लागले. नवे बोल्ट, दोन बुशं आणि जादा मजुरी मिळून ०.६ भाग गेले. जुन्या गाडीत हे होतंच असं धरून चालावं. राखीव रक्कम ऐच्छिक नसते, ती यादीतलीच एक ओळ आहे.

बुशांचे बोल्ट शेवटचे कधी आवळले जातात यावर मी डोळा ठेवून होतो. गाडी वर उचललेली, चाकं लोंबकळत असताना ते पूर्ण आवळले, तर रबर त्या स्थितीत घट्ट धरलं जातं आणि गाडी जमिनीवर उतरताच कायमचं पिळलेलं राहतं. मग काही महिन्यांत फाटतं. गाडी चाकांवर उभी करून, तिच्या नेहमीच्या उंचीत, मग पूर्ण टॉर्क. मेकॅनिकला हे सांगावं लागलं नाही, तो स्वतःच थांबला. चांगल्या हाताची हीच खूण.

उंची आम्ही हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजली. जमिनीपासून मोजली की टायरची वाढ त्यात मिसळते आणि स्प्रिंगने काय दिलं ते कळत नाही. पुढे ४३ मिलीमीटर, मागे ३८. स्प्रिंग बसल्यावर दोन-तीन कमी होतील असं धरूनच हे ठीक होतं.

मग पॅनहार्ड रॉड. गाडी वर उचलली की हा रॉड जास्त तिरका होतो आणि अ‍ॅक्सलला एका बाजूला ओढतो. मागच्या दोन्ही मडगार्डवरून ओळंबा सोडला आणि दोऱ्यापासून टायरच्या भिंतीपर्यंत मोजलं: एकीकडे २१ मिलीमीटर, दुसरीकडे २९. पाहून मित्र दचकला, "आठ मिलीमीटर सरकलाय!" पण अ‍ॅक्सल चार सरकला की एका बाजूचं अंतर चारने घटतं आणि दुसऱ्या बाजूचं चारने वाढतं. खरा सरकाव ४. टायर कुठेही भिडत नव्हता, अलाइनमेंटच्या पाट्यावर मागचा कोन मर्यादेत आला. रॉडचा अर्धा भाग खिशातच राहिला.

अलाइनमेंटमध्ये कॅस्टर कंपनीच्या मर्यादेत मिळाला, खालच्या टोकाकडे, पण दोन्ही बाजूंना सारखा. बदली अप्पर आर्मची गरज पडली नाही. हेडलाइट खाली घेतले, कारण नाक वर गेलं की समोरच्याच्या डोळ्यांत जातात. काचेमागे कॅमेरा किंवा बंपरमध्ये रडार असलेल्या गाडीत त्यांच्या कॅलिब्रेशनसाठी आणखी एक ओळ लिहावी लागेल. या गाडीत ते नाही. काही आठवड्यांनी दुसरं अलाइनमेंट झालं, तेव्हा सगळे बोल्ट पुन्हा तपासले.

पोटाखाली आता ५३ मिलीमीटर जास्त आहेत, मागच्या डिफखाली १३. हे दोन आकडे वेगळे का, हे त्याला आता दुसऱ्यांना समजावून सांगता येतं. त्याच कच्च्या वाटेवरून आल्यावर संरक्षक पत्र्यावर नवा चरा नाही. बंपरच्या कडेला एक आहे, उताराच्या टोकाशी घाई केली म्हणून. डाव्या लायनरवर, जिथे ७ मिलीमीटर उरले होते, तिथे चिखल घासून गेल्याची पुसट चकाकी दिसते. प्लास्टिक शाबूत आहे.

राखीवमधले ०.४ भाग शिल्लक आहेत, पुढच्या अलाइनमेंटसाठी ठेवलेले. लोखंडी बंपरचा विचार त्याने सोडलेला नाही. त्याच्या नोंदीत बंपरच्या किमतीखाली आणखी दोन ओळी आल्या आहेत: त्या वजनाच्या पुढच्या स्प्रिंगची जोडी, आणि ती बदलल्यावरचं अलाइनमेंट.